थंडीवर घातलेला आळ

गाड्यांचा मिस्त्री बाईंकडे आला तेव्हा त्याच्या कपाळाला पट्टी होती. कुणीतरी दगड मारला होता.

तीन दिवसांपूर्वी भल्या पहाटे गल्लीतल्या आजोबांच्या छातीत कळ आली, गाडी सुरू झाली नाही आणि रुग्णवाहिकेने रुग्णालय गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या गाडीत आठवड्यापूर्वी मिस्त्रीनेच बॅटरी बदलली होती. आजोबांचा मुलगा सांगत सुटला होता, की याने मेलेली बॅटरी गळ्यात मारली.

“बॅटरी कोरी होती, बाई,” मिस्त्री एवढंच म्हणाला.

बाई खाजगी तपास करायच्या. त्यांचे थोरले दीर, निवृत्त मास्तर, सोबत असायचे. मास्तरांना यात शोधण्यासारखं काही दिसेना. बाहेर पाणी गोठत होतं. अशा थंडीत गाडी रुसते हे शेंबडं पोरही सांगेल.

आजोबांच्या घरी सुनेने दार उघडलं. रडून डोळे सुजले होते. मामंजींची नजर अधू झाली होती, तरी पहाटे गाडी काढायचा हट्ट सुटत नव्हता, असं ती म्हणाली. महिन्यापूर्वी त्यांनी फाटकाचा खांब पाडला होता. त्यानंतर थंडी पडली आणि गाडी पहाटे सुरूच होईना. नवी बॅटरी घातली तरी तेच. “हे कामावर निघाले की मात्र लगेच चालू व्हायची. मामंजी म्हणायचे, थंडीने गाडीतलं घड्याळही चळलंय.”

त्या पहाटे किल्ली फिरवली तेव्हा काय झालं, हे बाईंनी मुलाला खोदून विचारलं. काहीच नाही, तो म्हणाला. आवाज नाही, छतावरचा दिवाही नाही. त्या दिवसापासून गाडीला कुणी हात लावलेला नाही.

शेजाऱ्याने सांगितलं, की सव्वासहाला रुग्णवाहिका सासरा-सुनेला घेऊन गेली. मुलगा कागद आणायला परत आत गेला आणि वीस मिनिटांनी या शेजाऱ्याच्याच मोटारसायकलवर मागे बसला.

अंगणात गाडीच्या काचेवर अजून हिम होतं. बाईंनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. समोरच्या चोवीस तासांच्या घड्याळात चार वाजले होते. मास्तरांच्या मनगटावर साडेदहा.

“थंडीने बॅटरी दमली, तर दिवा मिणमिणतो, इंजीन कण्हतं,” बाई मुलाला म्हणाल्या. “ठार अंधार होतो तो वायर सुटलेली असेल तर. आणि वायर परत जोडली, की हे घड्याळ शून्यापासून चालू लागतं. साडेदहातून चार वजा करा, मास्तर.”

“साडेसहा,” मास्तर म्हणाले.

“साडेसहाला घरात एकच माणूस होता. रोज रात्री वायर तुम्ही काढत होतात. वडिलांनी गाडी नेऊ नये म्हणून. हेतू वाईट नव्हता.”

मुलगा खाली बसला. अपघात करून बसले असते, तो पुटपुटला. समजावून थकलो होतो.

“पण त्या पहाटे? दोन मिनिटांचं काम होतं.”

“बाबा पुढच्या सीटवर होते. माझ्याकडेच बघत होते. बॉनेट उघडलं असतं तर महिनाभराचं खोटं त्यांना कळलं असतं. वाटलं, रुग्णवाहिका येईलच.”

सून मागे उभी होती हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. “चाळीस मिनिटं मी त्यांचे हात चोळत होते,” ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

संध्याकाळी मुलाने गल्लीत सगळ्यांसमोर कबूल केलं. मिस्त्री ना हसला, ना चिडला.

“माझं घर चार पावलांवर,” तो बाईंना म्हणाला. “मला एक हाक मारली असती तर?”

तुम्ही पहिल्यांदा बॉनेटच उघडलं असतं, हे बाईंना सांगवेना. मास्तरांनी मान खाली घातली.