पुतळ्याचे फुगलेले गाल

"आज कुणीही जेवायला जायचं नाही!" ठमीनं आईच्या कामाच्या खोलीत हुकूम सोडला.

"मी तर मरेनच," धाकटा गोट्या म्हणाला.

"मर, पण आवाज न करता!" मामेभाऊ चष्मिसनं त्याला प्लॅस्टरच्या पोत्यांमागे ओढलं.

प्रकरण गंभीरच होतं. गावातून थेट पंतप्रधान झालेल्या दिवंगत साहेबांचा पुतळा ठमीची आई घडवत होती. दोन दिवस ती जेवून परत येई, तर मातीचा हडकुळा चेहरा गुबगुबीत झालेला! आज चार वाजता समिती येणार होती. पसंती मिळाली, की मातीवरून प्लॅस्टरचा साचा घेऊन माती मोडायची. नाही मिळाली, तर आईचं काम जायचं.

आई जेवायला गेली आणि बाहेरचं कुलूप उघडलं. दुसरी किल्ली असलेले, गुबगुबीत गालांचे समितीचे अध्यक्ष आत आले! त्यांनी ओलं फडकं काढलं, खिशातला गोल आरसा समोर धरला, अंगठा चाटला आणि साहेबांच्या गालाला माती थापली. पुन्हा आरसा. पुन्हा थुंकी. स्वतःशीच खूश!

"शीऽऽ! साहेबांना थुंकी!" ठमी पुटपुटली.

"धरूया?" चष्मिसनं विचारलं.

"आपलं कोण ऐकणार? पोरांनीच माती कालवली म्हणतील. साहेबांच्या बहिणीला बोलावू."

आई परतली आणि पुन्हा फुगलेले गाल खरवडायला धावली. "आई, चारपर्यंत हात लावू नकोस. माझ्यासाठी!" ठमीनं चेहरा फडक्यानं झाकला.

चार वाजता अध्यक्षांनी घसा खाकरला. "मी रोज जातीनं पाहतोय. हुबेहूब साहेब!"

पोरांनी बोलावलेल्या साहेबांच्या बहिणीनं, म्हणजे पांढऱ्या केसांच्या आजींनी, फडकं उचललं. मातीकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे.

"तू तर इथे उभा आहेस. मग हा कोण?"

समिती फिसकन हसली.

"बाईंना चेहराच जमत नाही!" अध्यक्ष उखडले.

"मग तुमच्या आरशाला माती कशी?" गोट्या किंचाळला.

"दाखव आरसा," आजी म्हणाल्या.

अध्यक्षांचा हात नकळत खिशावर गेला. समितीच्या सेक्रेटरींनी आरसा काढून घेतला. त्याच्या काठावर मातीचे ताजे ठसे!

"अंगठा चाटून चाटून थापत होते!" चष्मिस म्हणाला.

आजींचं तोंड कडू झालं. "माझ्या मेलेल्या भावाचं तोंड उष्टं केलंस? नीघ!"

अध्यक्ष चपला उलट्यासुलट्या घालून पळाले.

आजी स्टुलावर बसल्या. "इथे खळगा होता... अजून खोल," त्या सांगत गेल्या, आई माती खरवडत गेली. शेवटी आजी नुसत्या बघत राहिल्या.

"मग... पसंत ना?" सेक्रेटरींनी दबकत विचारलं.

आजींनी तिघांना जवळ ओढलं. "यांना विचारा. तुमच्या समितीपेक्षा यांनीच माझ्या भावाकडे नीट पाहिलं!"