सत्तावीस, खालचा

२००२ च्या उन्हाळ्यात शेटजींच्या तीन पिढ्यांच्या मोटारपार्टच्या दुकानाचं दिवाळं निघालं आणि अठरा माणसं घरी बसली. खरं तर सतराच. काउंटरवरच्या बसवराजला शनिवारपर्यंत, नवा मालक किल्ल्या न्यायला येईपर्यंत, थांबायला सांगितलं होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी आपल्याला पुढं कोण ठेवून घेणार, या काळजीनं त्याची झोप उडाली होती. शिरोलीतले कारखाने त्यानं पालथे घातले, पण कुणी दाद दिली नाही.

त्या दुकानात पार्टचं नाव कुणी घेत नसे. भिंतीतल्या खिडकीत कप्प्याचा नंबर ओरडायचा. गोडाऊनमधून ज्ञानू 'हाय' किंवा 'न्हाय' म्हणायचा आणि खोकं खिडकीत यायचं. चोवीस वर्षं हेच चाललं होतं. आता मांडण्यासुद्धा भंगारात गेल्या होत्या आणि गोडाऊनला बाहेरून कुलूप होतं.

बुधवारी दुपारी कोडोलीचा एक जीपवाला बेअरिंग मागायला आला. दुकान बुडालेलं त्याला ठाऊक नव्हतं. बसवराजची जीभ सवयीनं वळली.

"सत्तावीस, खालचा!"

"हाय."

खोकं खिडकीत आलं. जीपवाला खूश होऊन गेला. बसवराजनं कुलूप काढून पाहिलं. आत मोकळी फरशी होती आणि ग्रीसचा ताजा वास.

आवाज ज्ञानूचा होता. ज्ञानू तर धडधाकट, घरी बसून होता. गुरुवारी बसवराज त्याला घेऊन आला, पुन्हा नंबर ओरडला. आतून आलेला स्वतःचा आवाज ऐकून ज्ञानू भ्याला नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खिडकीशी तोंड नेऊन त्यानं विचारलं, "काम हाय का?"

"हाय."

बसवराज नळावर पाणी प्यायला गेला. परतला तेव्हा ज्ञानू नव्हता. कुलूप तसंच होतं.

शुक्रवारी ज्ञानूची बायको चिमणाबाई नवऱ्याला शोधत आली, हातात जेवणाचा डबा घेऊन. बसवराजनं नुसतं खिडकीकडं बोट केलं. तिनं हाक मारली, आतून ओ आली.

"परत कामावर घेतलं व्हय," ती म्हणाली. तिचा चेहरा निवळला.

तिनं खिडकीत ठेवलेला डबा आत ओढला गेला. थोड्या वेळानं तो धुऊन परत आला. डबा घेऊन ती घरी गेली.

बसवराजला ज्ञानूचा हेवा वाटला. त्या हेव्याची त्याला लाजही वाटली.

"बसवाण्णा," आतून ज्ञानू म्हणाला, "अजून एक जागा हाय की."

बसवराजनं हातानं खिडकी मोजली. उभी एक वीत, आडवी दीड.

मग त्यानं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं आणि तो शर्टाची बटणं काढू लागला.