वरुणेपलीकडे

"अहो, वितळतंय ते!"

नीरजा दचकली. सॉफ्टीचा पांढरा ओघळ मनगटावरून थेट बांगड्यांपर्यंत आला होता. समोर एक उंच तरुण रुमाल पुढे करून उभा... आणि चक्क मराठीत बोलत!

काशीच्या वेशीवरच्या वरुणा नदीपलीकडे नवी वसाहत उभी राहत होती. रुंद रस्ते, रंगीत कारंजी, काचेची दुकानं. दूधविनायकाच्या अंधाऱ्या गल्लीतून सुमेधानं आपल्या या मैत्रिणीला ओढतच तिथं आणलं होतं.

"आज मंगळवार... माझा उपास आहे," नीरजा पुटपुटली. "हिनं जबरदस्ती हातात दिलं."

"मग मी खातो. देवीला चालेल?"

"चालेल... उष्टं नाहीये," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

तो निमिष. बँकेच्या नोकरीसाठी नागपूरहून आलेला, त्या वसाहतीतच राहणारा. त्यानंतर दर मंगळवारी तिच्या देवळात येण्याइतकी त्यालाही मंगला गौरीची भक्ती जडली.

"पुन्हा आलात?"

"देवीनं बोलावलं."

"देवी समोर आहे. तुम्ही भलतीकडेच बघताय!"

"बघतोय खरा. तुमच्या वडिलांना भेटू?"

नीरजाचं हसू मावळलं. आई गेल्यावर ढुंढिराजशास्त्र्यांनी, तिच्या अण्णांनी, क्षेत्रसंन्यास घेतला होता. वरुणा आणि अस्सी, या दोन नद्यांबाहेर पाऊल टाकायचं नाही. देह काशीतच ठेवायचा, म्हणजे पुन्हा जन्म नाही. अण्णांनी आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि त्यांना होती ती एवढी एकच मुलगी.

अण्णांनी निमिषला नीट न्याहाळलं. "मुलगी द्यायला माझी ना नाही. पण तुमच्या घरी मी पाणी प्यायलासुद्धा येणार नाही. नदी आड येते."

"आम्हीच इकडे येऊ, अण्णा. रोज."

"रोज कोण येतं हो..." अण्णा हसले. नीरजाच्या ते हसू जिव्हारी लागलं. तरी माघातला मुहूर्त ठरला.

पौषातल्या एका रविवारी, दाट धुक्यात, अण्णा बालाजी घाटाच्या पायरीवर कोसळले. निमिष नेमका घरी आलेला. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली. "यहाँ कुछ नहीं हो पाएगा. मशीन तो वरुणापारवाले नए अस्पताल में है. फ़ौरन ले जाइए."

निमिष नीरजाकडे बघत राहिला. "नेऊ?"

अण्णा शुद्धीवर नव्हते. असते तर काय म्हणाले असते, हे तिला ठाऊक होतं.

तिनं होकारार्थी मान हलवली. रिक्षा पुलावर चढली तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

दुपारी अण्णांनी डोळे उघडले. "नीरू... कुठे आहोत गं आपण?"

कधी एकादशी न मोडलेली, देवापुढे कधी खोटं न बोललेली नीरजा म्हणाली, "कबीरचौऱ्याच्या दवाखान्यात, अण्णा. काशीतच."

त्यांची नजर निमिषकडे वळली. "खरं?"

खिडकीतून नव्या बिल्डिंगा दिसत होत्या. निमिष सरकून खिडकीच्या आड उभा राहिला. "हो, अण्णा. काशीतच."

"मग ठीक."

दिवस मावळायच्या आत अण्णा गेले. चिता मणिकर्णिकेवर पेटली... पण प्राण तर पलीकडेच सुटला होता.

तेराव्यानंतर निमिष आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"रिक्षा मी आणली होती. तू आता लग्नाला नाही म्हणालीस तरी... मी समजेन."

"मान मी हलवली होती."



"मी इकडेच राहायला येतो, नीरजा. याच गल्लीत खोली बघतो. तुझी देवी, तुझा घाट... काही सुटायला नको."

"नको." तिनं पहिल्यांदाच त्याचा हात धरला. "अण्णांना काशी लाभली नाही. मग मी एकटी इथं मुक्त होऊन काय करू? मला पलीकडे ने. मरणही तिकडेच येऊ दे, ते जिथं थांबलेत तिथं."

"आणि मी?"

तिच्या भरल्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी हसू हललं.

"खोटं तर तूही बोललायस," ती म्हणाली. "पुढच्या जन्मीही तुला सोडते की काय!"