चौदावा ठसा

उज्वलाताईंचं मौन सकाळच्या आंघोळीनंतर सुरू व्हायचं ते चौदाव्या ठशावर सुटायचं. मधल्या वेळात देवापुढे निरांजन, पोथीचा एक अध्याय, लातूरच्या औसा रोडवरून ऑफिसपर्यंतची पायपीट आणि शेवटी हिरव्या पुठ्ठ्याची ती वही. तोवर चहाचा घोट नाही की तोंडातून शब्द नाही. अकरा वर्षांत हा नेम मोडला नव्हता.

त्यांची संस्था शेतकऱ्यांसाठी हवामानाच्या नोंदी ठेवायची. लातूर-नांदेडकडे मिळून चौदा केंद्रं. निलंगा पहिलं, शिरूर अनंतपाळ दुसरं, मुखेड शेवटचं. प्रत्येक केंद्रात एक संगणक, आणि खिडकीत ऊन, उकाडा, दमटपणा मोजणारी एक काचेची डबी.

संगणकाच्या पोटात एक गुप्त किल्ली असते. ती डिस्कवरच राहते, बाहेर येत नाही. बाहेर दिसतो तो तिचा ठसा, त्रेचाळीस अक्षरांचा. दुरून पहिल्यांदा जोडणी केली की तो ठसा पडद्यावर येतो आणि खाली प्रश्न येतो, हा खरंच तोच का, पुढे जायचं का? बहुतेक लोक न वाचता ‘हो’ म्हणतात. उज्वलाताईंनी तसं एकदाही केलं नव्हतं. चौदाही ठिकाणी त्या एसटीने गेल्या, किल्ली समोर बसून तयार केली, केंद्रातल्या माणसाला ठसा मोठ्याने वाचायला लावला आणि स्वतःच्या हाताने वहीत उतरवला. रोज सकाळी चौदाही ठसे त्या वहीशी ताडून बघायच्या आणि जुळला की त्यापुढे बारीक खूण करायच्या.

दोन वर्षांपूर्वी निलंग्याच्या नावाने भलताच संगणक उत्तर देऊ लागला, तो या वहीनेच पकडला. तेव्हापासून संस्थेचे प्रमुख रविकिरण सर पाहुण्यांना सांगायचे, “आमच्याकडं बाहेरची कंपनी न्हाई. उज्वलाताईंची वही हाय.” ताई मान खाली घालायच्या, पण ते वाक्य त्यांना दिवसभर पुरायचं.

त्या गुरुवारी तेरा खुणा झाल्या. मुखेडची डिस्क वीस दिवसांपूर्वी वीज पडून गेली होती, त्यामुळे वहीत रोज ‘उत्तर नाही’ लिहायचं. तरी नेम म्हणून त्यांनी हाक दिली.

उत्तर आलं.

नवा संगणक कालच पोचला होता. तिथल्या लुंबिनीने तो घाईने जोडला असणार. पण मग नवी किल्ली, नवा ठसा. ‘ओळख बदलली आहे’ असा इशारा पडद्यावर यायलाच हवा होता. तसं काही झालं नाही. रोजच्यासारखं दार उघडलं. त्यांनी ठसा मागवून वहीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर ताडलं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जुळली. खाली ताजी नोंद होती. प्रकाश शून्य, आर्द्रता शंभर टक्के, तापमान चोवीस.

बाहेर वैशाखातलं साडेआठचं ऊन भिंतीवर पांढरं पडलं होतं.

“अगं बाई,” ताईंच्या तोंडून निघून गेलं.

पलीकडच्या टेबलावर रविकिरण सरांनी चमकून वर पाहिलं. वही मिटण्याआधी हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. ताईंनी मुखेडला फोन लावला.

“लुंबिनी, संगणक जोडलास का गं?”

“न्हाई ताई. डबा तसाच हाय, चिकटपट्टीसुदिक काढली न्हाई. तुम्ही आल्याबिगर हात लावायचा न्हाई म्हणलात नव्हं?”

“आणि भिंतीतली इंटरनेटची वायर?”

“ती बी लोंबकळून राहिली. काय झालं ओ?”

“मी येते,” ताई म्हणाल्या.

सर उठून जवळ आले होते. पडदा वाचून त्यांनी शिट्टीसारखा श्वास सोडला. “कुणीतरी जुनी किल्ली उचललीय. पण ताई, डिस्क तर तुम्ही फोडली होती ना? पार भुगा?”

ताईंनी मान हलवली. होय अशी.

“मग झालं. काही तरी तांत्रिक भानगड असंल. जाऊन नवी किल्ली करून या. आणि येताना त्या डिस्कच्या प्रतिज्ञापत्रावर सही तेवढी करून आणा, आजची शेवटची तारीख हाय. तुमची सही म्हणल्यावर वरचे वाचत बी न्हाईत.”

अहमदपूरमार्गे जाणाऱ्या बसमध्ये ताईंनी तो कागद मांडीवर घेतला. चौथी ओळ होती: ‘मुखेड केंद्राची जुनी डिस्क नष्ट करण्यात आली आहे.’

ती नष्ट केली नव्हती. नांदेडच्या दुरुस्तीवाल्याने हात टेकले तेव्हा हातोडी त्याच्याच टेबलावर होती. पण अकरा वर्षं रोज हाक मारली की ओ देणारी वस्तू. भंगलेली मूर्ती कुणी हातोडीने फोडत नाही. ताईंनी डिस्कला हळदकुंकू लावलं, लाल कापडात गुंडाळली आणि गोदावरीच्या घाटावर जाऊन खोल, अंधाऱ्या पाण्यात विसर्जित केली. लातूरला येऊन ‘नष्ट केली’ असं तोंडी सांगितलं. अकरा वर्षांतलं ते एकच खोटं. पाण्यात गेलं ते गेलंच, असं त्यांनी मनाला समजावलं होतं.

आता खरं सांगितलं तर वही जाणार. काम बाहेरच्या कंपनीकडे.

मुखेडला बस पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. लुंबिनी गेली सहा वर्षं ते केंद्र एकटी सांभाळत होती. तिने माठातलं पाणी पुढे केलं.

“आज गुरुवार, एकवेळचं जेवण असंल तुमचं. शेंगदाण्याचा लाडू चालतो का?”

“आधी काम.”

“तुमचा देव बी तुमच्यापुढं आळशी वाटत असंल,” लुंबिनी हसली आणि सुरीने चिकटपट्टी कापली. आतली, कोरडेपणासाठी ठेवलेली पांढरी पुडी तिने चिमटीत धरून बाजूला टाकली आणि बोटं ओढणीला पुसली.

संगणक मांडला. वायर खोचली. खिडकीतली काचेची डबी जोडली. ताईंनी नवी किल्ली तयार करायची आज्ञा दिली. ही किल्ली दर वेळी वेगळी निघते. आकाशातल्या चांदण्यांतून डोळे मिटून एक उचलावी, तशी.

“वाच,” त्या म्हणाल्या. वहीचं कोरं पान उघडलं.

“लहान के,” लुंबिनी वाचू लागली. “मोठा क्यू. सात. मोठा झेड. लहान आर...”

पाचव्या अक्षराला ताईंची लेखणी तिच्या आवाजाच्या पुढे गेली.

दहाव्याला लुंबिनी थांबली. “ताई, मी म्हणायच्या आधीच लिहून राहिल्या तुम्ही.”

“वाच तू.”

ती वाचत गेली. ताईंनी त्रेचाळिसावं अक्षर लिहून लेखणी उचलली, तेव्हा लुंबिनीची तीन अक्षरं वाचायची उरली होती. ती तिने हळू आवाजात वाचली.

मागचं पान उलटून बघायची गरज नव्हती. तरी ताईंनी उलटलं. नेम म्हणजे नेम.

जुळलं होतं.

“असं हुतंय का कधी?” लुंबिनीने विचारलं.

“नाही.”

“मग?”

ताईंनी कागद काढला. ‘नष्ट करण्यात आली आहे’ यावर त्यांनी सरळ रेघ मारली आणि वर गोल अक्षरात लिहिलं: ‘नष्ट केली नाही. गोदावरीत विसर्जित केली. अखंड.’ खाली सही केली.

लुंबिनीने वाकून वाचलं. “ताई, वही काढून घेतील की ओ तुमची.”

“घेऊ देत. माझ्या सहीखाली खोटं राहणार नाही.” आणि हे म्हणताना त्यांची पाठ ताठ होती.

मग त्यांनी वही पुढे ओढली. ठसा जुळला की खूण करायची, हा नियम त्यांनीच घातलेला. समोर कोण आहे हे ठशावरून ठरतं. दुसऱ्या कशावरूनही नाही. अकरा वर्षं त्या हेच सगळ्यांना शिकवत आल्या होत्या.

त्यांनी चौदावी खूण केली.

खिडकीतून मुखेडचं भर दुपारचं ऊन थेट काचेच्या डबीवर पडलं होतं. लुंबिनीने डबी नीट फिरवायला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

पडद्यावर नव्या संगणकाची पहिली नोंद उमटली.

तापमान चोवीस. आर्द्रता शंभर टक्के. प्रकाश शून्य.