बिशानहून काढलेली दृष्ट

नीताच्या तुळशीला पाणी घालायला उर्मिला रोज दुपारी चार वाजता दोन मजले उतरून जायची. सिंगापूरच्या बिशानमधल्या मराठी घरांत हे चालतंच; कोणी सुट्टीवर गेलं की किल्ली मैत्रिणीकडे आणि तुळस किल्लीवालीच्या भरवशावर. काम पाच मिनिटांचं. पण त्या डिसेंबरात उर्मिला तिथे तासतासभर बसायची, नीताच्याच सोफ्यावर, आणि फोनवर नीताचेच फोटो बघत जळायची.

जळेल नाही तर काय! जर्मनीतलं ते शेतघर शोधलं कोणी? उर्मिलेने. गोठ्याशेजारची खोली, खिडकीजवळचा पलंग, मालकिणीला पाठवलेल्या डझनभर मेल, सगळं तिचं. दोन्ही कुटुंबांनी मिळून जायचं होतं. मग तिच्या नवऱ्याच्या, प्रबोधच्या, नोकरीच्या पासचं नूतनीकरण लांबलं आणि तो म्हणाला, आत्ता देश सोडायला नको. नीता हळहळली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मग ती खिडकीची खोली आम्ही घेऊ का गं?"

आता फोटो येत होते. बर्फात बुडालेलं छप्पर. ख्रिसमसच्या बाजारातल्या लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, मसाला घातलेल्या गरम वाइनचे मग. आणि गार्गी, नीताची सहा वर्षांची लेक, आल्याचं भलंमोठं बिस्किट गळ्यात अडकवून हसणारी. उर्मिला प्रत्येक फोटोखाली 'किती गोड!' लिहायची आणि मनात म्हणायची, तिथे मी असायला हवी होते.

ट्रिपच्या तिसऱ्या दिवशी नीताचा फ्लॅट गार लागला. एसी बंद, खिडक्या बंद, बाहेर घामाच्या धारा. आत मात्र फरशीवर पाऊल ठेववेना. आणि वास येत होता... ओल्या गवताचा, गाईंच्या अंगाचा. दुसरी एखादी बाई किल्ली टाकून पळाली असती. उर्मिलेने डोळे मिटून तो वास छातीभर ओढून घेतला. एवढं तरी मिळालं, असं तिला वाटलं.

त्याच दिवशी नीताने फोनवर हसत हसत सांगितलं, "अगं, गार्गी म्हणते, उर्मिला आंटी गोठ्यापाशी उभी आहे. जॅकेटसुद्धा नाही घातलं म्हणे!"

उर्मिलाही हसली. मनातून मात्र ती सुखावली, खोटं कशाला बोला.

पाचव्या दिवशी नीता हसत नव्हती. चार वाजता तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे नऊ. गार्गीला दोन दिवस ताप होता. डॉक्टर येऊन गेले होते, औषध चालू होतं, ताप हटत नव्हता. पोर रजईत गुरफटून लाकडांच्या शेगडीपाशी बसली होती, ओठ निळसर पडलेले, आणि खिडकीकडे टक लावून बघत होती.

"आंटी इज सो कोल्ड, मम्मी," ती म्हणाली. "शी वॉन्ट टू कम इन लाह."

"ऐकलंस?" नीताचा आवाज खाली आला. "सारखं हेच चाललंय. उर्मिला... तू दृष्ट काढतेस का तिची? इथे ना मोहरी, ना मिरच्या. माझ्या किचनमध्ये आहे सगळं. फोन समोर ठेव आणि काढ."

बिशानातल्या निम्म्या मराठी पोरांची दृष्ट उर्मिलाच काढायची, मग नीताला दुसरं कोण सुचणार? जिची दृष्ट, तिच्याच हातात मीठ-मोहरी. उर्मिलेला सगळं कळून चुकलं होतं. गार्गीवर तिचा जीव होता, अगदी खरा. हेवा होता तो गार्गीच्या आईचा.

तिने फोन ओट्यावर टेकवला, गॅसवर तवा ठेवला, मुठीत मीठ, मोहरी आणि तीन लाल मिरच्या घेतल्या आणि पडद्यावरच्या गार्गीवरून उतरवू लागली.

"आल्यागेल्याची... शेजारणीपाजारणीची... पाहुण्यारावळ्याची..."

आता एकच नाव उरलं होतं. ते घेतलं तर पोर सुटेल, याची तिला खात्री होती. पण समोर नीता बघत होती. माझी, असं नीतासमोर कसं म्हणायचं? पुन्हा तोंड दाखवायची सोय राहिली नसती. उर्मिलेने ओठ मिटले आणि मूठ तव्यावर रिकामी केली.

मिरच्या काळ्या पडल्या. धूर निघाला. ठसका नाही, वास नाही, काही नाही. जबर दृष्ट असली की असंच होतं, हे तिनेच कितीजणींना सांगितलं होतं. ठसका लागला, पण तो फोनमध्ये. नीता डोळे चोळत खोकत होती.

"अगं, इथे... मिरच्यांचा धूर... थांब, दार उघडते..."

"नको!" उर्मिला ओरडली. "नीता, दार उघडू नकोस! माझी आहे गं ती... माझीच दृष्ट आहे..."

उशीर झाला होता. कडी सरकल्याचा आवाज आला. मग वाऱ्याचा. मग नीताचा, एकदम मोकळा, आनंदलेला.

"अय्या, तू! ये ना आत... किती गारठलीस गं!"

पडद्यावर गार्गी मागे मागे सरकत भिंतीला टेकली. कॉल तुटला.

उर्मिलेने पुन्हा लावला, पुन्हा लावला. कोणी उचलेना. दोन्ही कुटुंबांच्या ग्रुपवर लिहिलं, तर मेसेज जाईना. तेवढ्यात ग्रुपवर नीताचा फोटो आला. शेगडीपाशी एक बाई पाठमोरी बसलेली, मांडीवर गार्गी. खाली लिहिलं होतं, 'काय सरप्राइज दिलंस! आता ट्रिप पूर्ण झाली.' उर्मिला घाबरली, पण त्याआधी, क्षणभर, तिला त्या बसलेल्या बाईचा हेवा वाटला.

सकाळीच तिच्या हातचा डबा घेऊन चांगीच्या ऑफिसला गेलेल्या प्रबोधने लगेच उत्तर दिलं:

'पोचलीस एकदाची! आज गार्गीला तुझ्याच कुशीत झोपव, उर्मिला. तुझा फार लळा आहे तिला.'