एकच नग

त्या शनिवारी मी बंगळुरातल्या चामराजपेटेत गेलो तो एक बाहुलं करून घ्यायला. बोटाएवढं, प्लास्टिकचं, हातपाय हलणारं. मिनिफिगर म्हणतात त्याला. माझ्याकडे अशी दोनशेच्या वर आहेत, हॉलमधल्या काचेच्या कपाटात. चाळिशीला आलेला माणूस खेळण्यांवर पगार उधळतो म्हणून ऑफिसात माझी टिंगल होते. होऊ दे. माझी बायको पवित्राही करते, पण ते कपाट पुसते तीच.

आपल्याला हवा तो चेहरा छापून घ्यायचा तर हा छंद फार महाग पडतो. कारखान्यात एका साच्यातून लाखभर बाहुली निघतात, खर्च विभागला जातो. इथे एका चेहऱ्यासाठी वेगळी प्लेट, वेगळी शाई, आणि सगळा भार त्या एकट्या बाहुल्यावर. आमच्या महादेवपुऱ्यातल्या एकानं मला तीन हजार सांगितले होते. चामराजपेटेतले कृष्णाजी सहाशेत करतात असं कळल्यावर मी उडालोच. इतकं स्वस्त कसं, हे विचारायचं मला सुचलं नाही. अजून स्वतःचाच राग येतो.

बाहुलं हवं होतं माझ्या मुलीचं, आर्याचं. सहा वर्षांची आहे. पुढचा दात नुकताच पडला होता. हसताना ती त्या फटीत जीभ घालायची आणि हसण्याबरोबर बारीक शिट्टी वाजायची. ऐकणारा कितीही चिडलेला असो, विरघळायचाच. चार महिन्यांत नवा दात येणार, मग ते हसू कुठलं? मला ते ठेवून घ्यायचं होतं.

लग्नपत्रिकांच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं चढून वर खोली. दुपारचे तीन वाजले होते तरी आत ट्यूबलाइट लागलेली. थिनरचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. खाली बसचे, ऑटोचे हॉर्न चालू होते; मागे दार लागलं आणि कानात कापूस घातल्यासारखं सगळं थांबलं. भिंतींवर छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर बाहुली, आणि प्रत्येक बाहुलं हसत होतं. छापील हसू मी हजारोंनी पाहिलंय, तीच ती वाकडी रेघ. इथे एकासारखं दुसरं नव्हतं. कुणी लाजून, कुणी ओठ दाबून, कुणी पोट धरून हसावं तसं. खरं सांगतो, मला हेवा वाटला.

कृष्णाजी सत्तरीपुढचे. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बंगळुरात, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. त्यांनी आर्याचा फोटो चष्म्याशिवाय बराच वेळ पाहिला.

"चन्नागिदे. छान आहे पोरगी," ते म्हणाले. "दुड्डू सहाशे. आनि ओंदु नगू. साकु?"

इथल्या पाच वर्षांत माझं कन्नड ऑटो आणि हॉटेलापुढे गेलेलं नाही. दुड्डू म्हणजे पैसे, ओंदु म्हणजे एक, साकु म्हणजे पुरे. आणि नग तर आपलाच शब्द. साताऱ्यात वडिलांच्या दुकानात दिवसभर तेच ऐकलंय, पाच नग काढ, दहा नग बांध.

"हो अण्णा, एकच नग. साकु."

त्यांनी मान वर केली. "विचार करून सांगा. कोनाचं?"

"मुलीचंच की. तिच्यासाठीच तर चाललंय सगळं."

ते माझ्याकडे नाही, फळ्यांकडे पाहून म्हणाले, "बापच म्हनतोय... सरी, ठीक."

चार दिवसांनी बाहुलं मिळालं. काय सांगू! नखाएवढ्या चेहऱ्यावर ती फट, ती जीभ, डोळ्यांच्या कडेची ती सुरकुतीसुद्धा. घरी येऊन मी ते आर्याच्या हातात ठेवलं.

"छान आहे," ती म्हणाली आणि टेबलावर ठेवून हात धुवायला गेली. मला रागच आला, मीच ते उचलून कपाटात ठेवलं. हल्लीची मुलं, म्हटलं.

पुढे आठवडाभर ती हसली नाही. जेवायची, अभ्यास करायची, विचारलं तर उत्तर द्यायची. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. शाळेतून बाईंचा फोन आला, सगळा वर्ग हसतो तेव्हा ही एकेकाच्या तोंडाकडे बघत बसते. मी माकडचेष्टा केल्या, स्वतः खदाखदा हसून दाखवलं. ती जवळ आली आणि माझ्या गालावर हात ठेवला.

"बाबा, दुखतंय का तुला? तोंड असं का झालंय?"



रविवारी सकाळी, पवित्रासमोर, मी तिला गुदगुल्या केल्या. काखेत, पोटावर, तळव्यांना. ती नुसती पडून राहिली, छताकडे बघत. आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटातून हसू आलं. बारीक, श्वास अडकत... शेवटी ती शिट्टी.

मी हात काढून घेतला. कपाटातलं हसू थांबलं.

पवित्रा हळूच म्हणाली, "त्या बाहुलेवाल्यानं काय विचारलं होतं? त्याच्याच शब्दांत सांग."

"एकच नग का, म्हणून. ओंदु नगू, साकु... मी हो म्हटलं."

पवित्रा अथणीची, कन्नड शाळेत शिकलेली. तिनं भिंतीला हात टेकला.

"क्षितिज, नगू म्हणजे नग नाही रे... नगू म्हणजे हसू."

बाहुलं घेऊन आम्ही तिघंही तसेच निघालो. कृष्णाजींना आश्चर्य वाटलं नाही. मी पाया पडलो, रडलो, माझं घ्या म्हणालो.

"तुमचं नको. नग परत, नगू परत. व्यवहार सरळ आहे माझा," ते म्हणाले. बाहुलं त्यांनी घेतलं आणि पाठमोरे होऊन फळ्यांवरून बोट फिरवत राहिले. एकदा थांबले, पुढे गेले, परत मागे आले. "कुठलं कुठं ठिवलं... वय झालं, स्वल्प गोंधळ होतो आता." मग कट्‌ असा आवाज झाला, बाहुल्याचं डोकं उपटल्यासारखा. कुठल्या बाहुल्याचं, ते त्यांच्या पाठीमुळे दिसलं नाही. आर्या दचकली. आम्ही तिला उचलून जिना उतरलो.

परतीच्या ऑटोत ती आमच्या दोघांच्या मध्ये होती. सिग्नलला एका म्हाताऱ्याची टोपी वाऱ्यानं उडाली आणि तो तिच्यामागे धावला. आर्या हसली. पवित्रानं माझा हात घट्ट धरला, आम्ही दोघंही रडत रडत हसलो. माझी पोरगी परत मिळाली, एवढंच डोक्यात होतं.

मग माझ्या ध्यानात आलं, की शिट्टी वाजली नव्हती. ती अजून हसत होती, खालच्या, घोगऱ्या आवाजात, मध्ये खोकत, आणि पवित्रा हसायची थांबली होती. आर्यानं आमच्याकडे पाहिलं, संकोचल्यासारखी मान खाली घातली, आणि फ्रॉकच्या खांद्यावरून नसलेला पदर ओढून तोंडावर धरला.