दयारामच्या घड्याळाचा पेन

धाडच्या एसटी स्टँडमागे माझं दुकान आहे. जुन्या घड्याळांचे सुटे भाग रेझिनमध्ये ओतायचे आणि लेथवर त्याचे पेन घडवायचे, हा माझा धंदा. रेझिन काचेसारखं आरपार दिसतं, पण एकदा घट्ट झालं की आत मुंगीलाही पाय हलवता येत नाही. मी आयटीआयवाला माणूस. भुताखेतांच्या गप्पा हाणणाऱ्याला मी दुकानात चहासुद्धा पाजत नाही.

सोमवारी गीताबाई आल्या. त्यांचा नवरा दयाराम बारा वर्षांपूर्वी घरातून जो गेला, तो परतलाच नाही. एवढी वाट पाहून झाली की आमच्याकडे पळसाच्या देठांचा पुतळा करतात, त्यालाच अग्नी देतात आणि बायकोचं कुंकू पुसतात. गुरुवारी अमावस्येला थोरले दीर भगवंतराव ते उरकून टाकणार होते.

"सागरभाऊ, त्याहिच्या समद्या वस्तू पुतळ्यासंगं जाळतेत म्हने." त्यांनी पदराखालून चावीचं घड्याळ काढलं. "याच्या आतलं काढून मले पेन करून द्या. रिकामी डबी मी जाळावर ठेवीन. कोनाले समजनार नाही."

"वहिनी, बारा वर्सं झाली. आता मन घट्ट करा."

"घट्टच हाये. म्हनून तं आली."

घड्याळ उघडून चाकं साच्यात मांडली, मधोमध मागंपुढं डुलून ठोके देणारं बॅलन्सचं गोल चाक ठेवलं आणि रेझिन ओतलं. बुधवारी सकाळी पेन लेथवरून उतरवला, घासूनपुसून उजेडात धरला.

बॅलन्सचं चाक हललं. टक. टक. टक.

रेझिन घट्ट करणारा हार्डनर कमी पडला, माल कच्चा राहिला, म्हणून मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. गीताबाई न्यायला आल्या, तर रिकामी डबी तेवढी दिली आणि पेनासाठी शुक्रवारी या म्हणून परत पाठवलं. मग खिळ्यानं टोचून पाहिलं. खिळा जरासुद्धा रुतला नाही.

घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं. हे जेमतेम दोन देत होतं. दुपारी बाराला थांबलं, तासाभरानं पुन्हा सुरू झालं. दिवस मावळला तसं परत थांबलं. मी जेवायचं विसरलो होतो. आईशप्पथ सांगतो, भीती नाही वाटली. देवळाच्या गाभाऱ्यात वाटतं तसं वाटलं, आणि मी दुकानातच चपला काढून बसलो.

गुरुवारी उजाडताच चाक पुन्हा चालू लागलं, तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. हे घड्याळ नव्हतं. माणूस असा चालतो. दिवसभर चालतो, दुपारी सावलीला टेकतो, रात्री निजतो.

गाडी काढली आणि सुसाट निघालो.

गीताबाईंच्या मळ्यात माणसं जमली होती. जाळ नुकताच पुतळ्याच्या पायांना लागला होता.

"भगवंतराव, इझवा!"

"काऊन बे? याड लागलं काय तुले?"

मी पेन गीताबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला.

"हे त्याहिचं चालनं हाये. भाऊजी, जित्ता हाये तुमचा भाऊ. चालून राह्यला!"

भगवंतरावांनी पेन हिसकावला, कानाशी नेला. मग शेजारची घागर उचलून पुतळ्यावर पालथी केली आणि ओल्या राखेतच मटकन बसले.

पुतळा वाचला. डावा पाय तेवढा जळून गेला होता.

पेन हातोहात फिरला. एकेकानं ऐकला, कपाळाला लावला.

शेवटी तो गीताबाईंकडे आला. त्यांनी बराच वेळ ऐकलं. कपाळावर कुंकू तसंच होतं.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "पयले असं नव्हतं."

मी कान लावला. एक ठोका पुरा पडत होता. दुसरा फरफटत येत होता.